आधी माती, मग बेडूक

'व्हायव्हेरियम' हा शब्द वाचूनच निम्म्या जणांच्या पोटात गोळा आला असेल. घाबरू नका, एक्स्टर्नल येणार नाहीयेत. पण दोन्ही शब्दांचं नातं आहे हे खरं. लॅटिनमध्ये 'व्हिव्हा' म्हणजे जिवंत. जिवंत आवाजात घेतात ती व्हायव्हा, आणि जिवंत प्राणी त्याच्या सगळ्या संसारासकट ठेवतात ते व्हायव्हेरियम. नुसतं पाणी आणि मासे असले की अ‍ॅक्वेरियम, नुसती माती आणि झाडं असली की टेरॅरियम. व्हायव्हेरियममध्ये माती, पाणी, झाडं, किडे, बुरशी आणि सगळ्यात शेवटी बेडूक, असा क्रम असतो. हा क्रम उलटा केला की बेडूक मरतो. सगळा लेख खरं तर एवढ्यासाठीच आहे.

माझा यात संबंध कसा, तर नगरला सावेडीत माझा आतेभाऊ राहतो, त्याच्याकडे दोन ऑस्ट्रेलियन झाडबेडूक आहेत. 'व्हाइट्स ट्री फ्रॉग' ही ती जात. पोट सुटलेलं, डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर कायम जेवण झाल्यासारखं समाधान. म्हणून एकाचं नाव शेठ आणि दुसऱ्याचं मुनीम. पेटी बांधायला दादाला मेकॅनिकलवाला हवा होता, त्यात मी सापडलो. गेली दोन वर्षं दर शनिवार-रविवार त्या पेटीची डागडुजी माझ्याकडे आहे. होस्टेलवर हे कळल्यापासून प्रत्येक पावसाळ्यात कोणीतरी विचारतं, "आपणपण रूमवर एक ठेवूया का रे?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

काचेच्या पेटीत रान ठेवायची कल्पना तशी अपघाताने सापडली. १८२९ साली लंडनमध्ये नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने पतंगाचा कोष ओल्या मातीत घालून बाटलीत झाकून ठेवला होता. पतंगाचं राहिलं बाजूला, बाटलीत नेच्याचं रोप आणि गवत उगवलं आणि पाणी न घालता टिकलं. बाहेर लंडनच्या धुरात त्याचे नेचे मरत होते आणि बाटलीत मात्र जगत होते! दिवसा मातीतलं पाणी वाफ होऊन काचेवर जमायचं आणि परत मातीत उतरायचं. त्याने मग मोठ्या काचपेट्या बनवल्या आणि १८३३ मध्ये त्यातून रोपं जहाजाने सिडनीपर्यंत जिवंत पाठवली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपं अशाच पेट्यांतून हिमालयाच्या बाजूला आणली. मेसचा चहा पिताना वॉर्डसाहेबांना शिव्या द्यायच्या की आशीर्वाद, ते ज्याने त्याने ठरवावं.

वॉर्डच्या बाटलीत बेडूक नव्हता, म्हणून ती इतकी सोपी होती. बेडूक आला की प्रश्न कातडीचा येतो. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाखालच्या कातडीने शोषतो. श्वासही बराचसा कातडीतून घेतो. म्हणजे तो ज्यावर बसलाय ते सगळं त्याच्या अंगात जातं. साबण, क्लोरीन, आपल्या हातावरचं ओडोमॉस, सगळं. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आमच्या मजल्यावरच्या एकाने मैदानातून चांगला तळहाताएवढा बेडूक आणला आणि बादलीत ठेवला. बादली स्वच्छ होती, आदल्याच दिवशी त्यात कपडे भिजवले होते. मला सकाळी बोलावलं तेव्हा तो पाठीवर पडलेला होता आणि पाय ताठ झाले होते. बिचाऱ्याने रात्री त्याच्यासाठी किडेसुद्धा पकडून ठेवले होते. बेडकावर प्रेम कमी नव्हतं हो, धुण्याच्या पावडरचा अंश जास्त होता.

आता पेटीकडे येऊ. झाडबेडूक वर चढतो, म्हणून पेटी उंच हवी. आमची ४५ बाय ४५ सेंटिमीटर तळाची आणि ६० सेंटिमीटर उंच आहे. काच ५ मिलिमीटरची, काचवाल्याकडून कापून आणलेली. सिलिकॉन साधं घ्यायचं, बुरशीनाशक घातलेलं नाही, आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे आठवडाभर, पेटी उघडी ठेवायची. तळाशी पाणी निथळायला थर लागतो. सगळे खडी घालतात. गणित करा: ४५ गुणिले ४५ गुणिले ५, म्हणजे दहा लिटर. दहा लिटर खडी साधारण पंधरा किलो भरते. आम्ही विटांचे आणि जुन्या कौलांचे तुकडे धुऊन घातले. ते हलके पडतात आणि पाणीही धरतात. तरी काच, माती, लाकूड, पाणी धरून पेटी पन्नास किलोच्या आसपास जाते, म्हणजे एक सिमेंटचं पोतं. होस्टेलचं टेबल आठवून बघा.

त्या थरात एका कोपऱ्यात उभा पीव्हीसी पाइप ठेवला आहे. खाली साचलेलं पाणी त्यातून ठिबकच्या बारीक नळीने ओढून काढता येतं. ही सोय नसेल तर तीन महिन्यांनी सगळी पेटी उपसावी लागते. तुकड्यांवर मच्छरदाणीची जाळी आणि तिच्यावर माती.

इथे आपल्या भागातल्या लोकांसाठी खास सूचना: काळी माती घालायची नाही. कपाशीला, उसाला ती सोनं असेल, पेटीत ती वैरी आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, मधल्या फटी बुजतात, हवा संपते आणि मग ती सडते. वास गटारासारखा येतो. सुकली की भेगा पडतात, त्या तर आपण एप्रिलमध्ये शेतात बघतोच. आम्ही कोकोपीट दोन भाग, कुजलेला पालापाचोळा एक भाग, जाड वाळू एक भाग आणि मूठभर कोळशाचा चुरा असं मिश्रण दहा सेंटिमीटर भरलं. त्यावर आंब्याची, जांभळाची, बदामाची वाळकी पानं उकळून, गार करून पसरली. कडुनिंब आणि निलगिरी नको. धान्याच्या कोठीत आपण कडुनिंब किडे मारायलाच घालतो, आणि पेटीत आपल्याला किडे हवेत.

हो, हवेतच. बेडूक रोज घाण करणार, ती कोण काढणार? जुन्या कुंडीखालची ओली पानं उचलली की बारीक पांढरे ठिपके टणाटण उड्या मारतात, ते स्प्रिंगटेल. कुंडीखालीच राखाडी, हात लावला की गोळी होणारे प्राणी असतात, ते आयसोपॉड. हे दोघे विष्ठा, बुरशी, सडकी पानं खाऊन बारीक करतात. पुढचं काम जिवाणूंचं. घाणीतून अमोनिया निघतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट करतात आणि नायट्रेट झाडं खत म्हणून घेतात. अमोनिया आणि नायट्राइट बेडकाला विष आहेत. ही साखळी जमायला आमच्या पेटीत सहा आठवडे गेले. तोपर्यंत पेटी बेडकाविना.

हे सहा आठवडे फार लोकांना जमत नाहीत. रोज रिकाम्या पेटीकडे बघायचं आणि पाणी मारायचं! साधारण दुसऱ्या आठवड्यात लाकडावर कापसासारखी पांढरी बुरशी चढते. दादाने घाबरून सगळं फेकायचं ठरवलं होतं. आत्याने तर आधीच सांगितलं होतं की, घरात आजार येईल. काही केलं नाही, दहा-बारा दिवसांत स्प्रिंगटेलनी ती खाऊन साफ केली. अमोनिया तपासायचा किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो. पाइपातलं पाणी सलग दोन आठवडे शून्य दाखवू लागलं, तेव्हाच शेठ-मुनीम आत गेले.

झाडं साधीच. मनीप्लँट, सिंगोनियम, नर्सरीतले नेचे. नर्सरीतून आणलेलं रोप मातीतून सोडवून, मुळं धुऊन, महिनाभर वेगळं ठेवायचं, कारण त्यावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं.

आता मेकॅनिकलवाल्यांचा आवडता विषय, सायक्रोमेट्री. (बाकीच्यांनी हा भाग गाळला तरी चालेल, पण गाळू नका.) लोक समजतात की सकाळ-संध्याकाळ फवारा मारला की पेटीत ओलावा राहतो. २५ अंशाला हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम पाणी प्रति घनमीटर मावतं. ८० टक्के आर्द्रता म्हणजे १८ ग्रॅम. आपली पेटी ०.१२ घनमीटर. गुणाकार करा, पेटीतल्या सगळ्या हवेत मिळून पाणी किती? दोन ग्रॅम, अर्धा चमचासुद्धा नाही! झाकण उघडलं की ते गेलंच. म्हणजे ओलावा हवेत साठत नाही. तो मातीत साठतो आणि माती तो हळूहळू हवेला देत राहते. फवारा हवेसाठी नसून मातीसाठी आहे.

मग झाकण गच्च लावायचं का? नाही, हवा कोंडली की कातडीला बुरशी धरते. आमच्या झाकणाचा एक तृतीयांश भाग जाळीचा आहे आणि समोरच्या काचेखाली दोन बोटं रुंद जाळीची पट्टी आहे. गरम ओली हवा वरून जाते, खालून ताजी येते, चिमणीसारखं. उन्हाळ्यात यातून रोज दीडशे-दोनशे मिलिलिटर पाणी उडतं. ते परत देण्यासाठी शेतातल्या शेडनेटला लावतात तसला फॉगर, आरओचा बूस्टर पंप आणि टायमर बसवला आहे. ठिबकच्या दुकानात फॉगर किरकोळ किमतीत मिळतो. ईअँडटीसीवाल्यांना सेन्सर आणि रिले लावून मिनी प्रोजेक्ट करता येईल, पण एक करा: रिले 'चालू' अवस्थेत चिकटला तर काय होईल, याचं उत्तर आधी द्या. आमची पाण्याची टाकीच दोन लिटरची आहे. पंप रात्रभर चालला तरी पेटीत दोनच लिटर जातील आणि बेडूक पोहायला लागणार नाहीत.

पाणी कोणतं? बोअरचं नको, काचेवर पांढरे डाग पडतात आणि फॉगर चोंदतो. नळाचं चोवीस तास उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातो. आरओचं चालतं. पावसाचं सगळ्यात उत्तम. गच्चीवरचं पहिल्या पावसाचं सोडून नंतरचं भरून ठेवायचं.

आणि मग येतो आपला मे महिना. थंड देशातल्या पुस्तकांमध्ये पेटी गरम कशी करायची यावर पानंच्या पानं असतात. आपल्याला नेमकं उलटं हवं. खोली ३८-४० अंशांवर गेली की बंद पेटीतला बेडूक शिजतो, कारण आत हवा आधीच ओली, त्याच्या अंगावरचं पाणी उडून त्याला गारवा मिळत नाही. पण इथेच नगर मुंबईपेक्षा बरं आहे. दुपारी ४० अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर वेट बल्ब तापमान जेमतेम २१ येतं. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्क्यांना ते २८ येतं. माठातलं पाणी नगरला गार होतं आणि दादरला होत नाही, त्याचं कारण हेच. आम्ही पेटी तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत जमिनीलगत ठेवली, तीन बाजूंना ओलं गोणपाट लावलं आणि समोर टेबलफॅन. पेटी खोलीपेक्षा सहा-सात अंश खाली राहते. लाइट गेली तरी ओलं गोणपाट थोडंफार काम करत राहतं. तेव्हा दर तासाला कोणीतरी ते भिजवायला घरी हवं. आत्या भिजवते. आधी आजार येईल म्हणणारी आत्या आता फोनवर शेठने काल किती रातकिडे खाल्ले ते सांगते.

खाण्याचं थोडक्यात: मोठ्या बेडकाला दोन-तीन दिवसांनी एकदा, दुकानातून आणलेले पाळीव रातकिडे, त्यांना कॅल्शियम आणि डी-३ ची पावडर लावून. पावडर चुकवली की हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो. उरलेले रातकिडे रात्री काढून घ्यायचे, नाहीतर ते झोपलेल्या बेडकाला चावतात. मेसमधली झुरळं अजिबात नाही. त्यांच्यावर काय काय फवारलंय ते मेसवाल्यालाही सांगता येणार नाही.

आता मूळ प्रश्न, रूमवर ठेवायचा का? व्हाइट्स ट्री फ्रॉग पंधरा-वीस वर्षं जगतो. आपली डिग्री चार वर्षांची, एटीकेटी धरून फार तर सहा. मे महिन्यात, म्हणजे नेमकं गोणपाट भिजवायच्या दिवसांत, होस्टेल रिकामं. तेव्हा माझ्या मते उत्तर 'नाही' असंच आहे. ज्याच्या घरी आत्या आहे त्याने ठेवावा.

मैदानातला पकडून ठेवला तर? तोही नाही, आणि इथे कायदा मधे येतो. पहिल्या पावसात हळदीसारखे पिवळे होऊन, गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात ते मोठे बेडूक, म्हणजे इंडियन बुलफ्रॉग. एकेकाळी त्यांचे पाय टनांनी परदेशी हॉटेलांत जायचे. शेतातली कीड खाणारे बेडूक संपत चालले, म्हणून भारताने १९८७ मध्ये ही निर्यात बंद केली. ही जात साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतही आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाल्यापासून त्या यादीतले परदेशी प्राणी पाळायचे तर नोंदणी लागते. दुकानातले रंगीत डार्ट फ्रॉग त्यात येतात. विकत घेणाऱ्याने पावती आणि कागदपत्रं मागायलाच हवीत. पावती देत नसेल तो दुकानदार सोडा.

कायद्यापलीकडचं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. माझं गाव अकोले तालुक्यात. नगर शहराच्या बाजूला वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात घाटघर-रतनवाडीला काही वर्षी पाच हजारांच्या वर. भंडारदरा, हरिश्चंद्रगड, कळसूबाई हा पट्टा बेडकांचं घर आहे. बेडकांच्या कातडीला होणारा कायट्रिड नावाचा बुरशीचा रोग आहे. कातडी जाड होते, क्षारांची देवाणघेवाण बंद पडते आणि हृदय थांबतं. २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात या रोगामुळे उभयचरांच्या ५०१ जाती घटल्याचं आणि त्यातल्या ९० बहुधा नामशेष झाल्याचं म्हटलं आहे. तो जगभर पसरण्यात बेडकांच्या व्यापाराचा मोठा हात आहे. पुण्याच्या संशोधकांना २०१३ मध्ये उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवरही ही बुरशी सापडली. ती आशियातल्याच जुन्या वाणाची होती आणि ऑस्ट्रेलिया किंवा मध्य अमेरिकेसारखा संहार इथे नोंदला गेलेला नाही. पण बाहेरचं वाण आपल्या ओढ्यात जायला एक कंटाळलेला मालक आणि एक सोडून दिलेला बेडूक पुरे.

म्हणून दादाच्या घरी पेटीतून काढलेलं पाणी ब्लीचिंग पावडर घालून, तासभर ठेवून मगच संडासात ओततात, अंगणात नाही. आणि भंडारदऱ्याला ट्रेकला जाणाऱ्यांनी तिथलं शेवाळ, लाकूड, बेडूकमासे पिशवीतून आणू नयेत. ते अभयारण्य आहे. शेवाळ पाहिजे तर आपल्या मेसच्या मागची भिंत ऑगस्टमध्ये हिरवीगार असते.

ज्याला हात शिवशिवतायत त्याने वॉर्डसारखी पेटी करावी. मोठी बरणी, विटांचे तुकडे, जाळी, तीच माती, नेचा, शेवाळ, स्प्रिंगटेल. बेडूक नाही. खर्च दोन पिक्चरच्या तिकिटांइतका. सुट्टीत महिनाभर झाकून सावलीत ठेवली तरी ती टिकते, माझ्या कपाटावरची दोन उन्हाळे टिकली आहे.

आणि बेडूक बघायचाच असेल तर तो आपल्याकडे फुकट आहे. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की रात्री दहानंतर टॉर्च घेऊन मैदानाच्या खालच्या कोपऱ्यात या. पिवळे बुलफ्रॉग एक-दोन रात्रीच तसे दिसतात, नंतर रंग उतरतो. बिळात राहणारे छोटे गोलमटोल बेडूक आठ-आठ महिने मातीखाली काढून वर येतात. त्यांना पेटीत ठेवलं असतं तर आपण वर्षभर नुसती मातीच बघत बसलो असतो. दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये फ्लशच्या टाकीमागे चिकटून बसतो तो तपकिरी, लांब पायांचा आपला देशी झाडबेडूक. शेठचे ऑस्ट्रेलियातले भाऊबंदही तिकडे असेच संडासात आणि पाण्याच्या टाक्यांत मुक्काम करतात. बाथरूममध्ये त्याला ओलावा, किडे आणि गारवा तिन्ही मिळतात. पावसाळ्यात पाण्याच्या हौदाच्या कडेला साबणाचा फेस वाळल्यासारखा पांढरा गोळा दिसला तर तो साबण नसतो. त्यात त्याची अंडी असतात, पिल्लं फुटली की खाली पाण्यात पडतात. सफाईवाल्या मावशींना मी हे सांगितलं आहे. त्या आता फिनाइल मारण्याआधी त्याला मगमध्ये घेऊन खिडकीबाहेरच्या जास्वंदीवर ठेवतात. त्यांनी मग वेगळा ठेवलाय, निळा, कडी तुटलेला. तो कृपया अंघोळीला घेऊ नका.